चार दिवसांचे वेड : एका निदानाचा इतिहास

मराठीत वेड माणसाला ‘लागते’. ठेच लागते, दृष्ट लागते, आग लागते, तद्वतच वेड लागते. आणि जे बाहेरून येऊन लागले ते निघूनही जाऊ शकेल, ही आशा त्या क्रियापदातच राहून गेलेली आहे. खूळ डोक्यात शिरते तसे ते डोक्यातून जाते. अंगात वारे येते तसे ते उतरते. आपल्या पूर्वजांनी मनोविकारांचे शास्त्र रचले होते असे या शब्दांवरून सिद्ध होत नाही, हे खरे. पण भ्रमिष्ट झालेला मनुष्य पंधरा दिवसांनी पुन्हा शहाणा होऊन आपल्या उद्योगास लागतो, हे त्यांनी पाहिले होते एवढे तरी त्यांवरून दिसते. आश्चर्य हे की, ज्या गोष्टीविषयी गावातील म्हाताऱ्यांस शंका नव्हती, तिजविषयी युरोपातील वैद्यशास्त्र एका शतकाहून अधिक काळ वाद घालीत बसले. त्या वादाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

प्रथम रोगाचे चित्र डोळ्यांपुढे आणू. विशी-तिशीतील एखादी व्यक्ती. कालपर्यंत सर्व काही सुरळीत. मग कोणाचा मृत्यू, कोठे नामुष्की, कधी नुसता चार दिवसांचा ताप, कधी बाळंतपण, आणि कित्येकदा यांपैकी काहीच नाही. झोप उडते. दोन दिवसांत बोलणे असंबद्ध होते. शेजारी आपल्या जेवणात विष कालवीत आहेत, आकाशातून आपणांस हुकूम येत आहेत, आपण देवी आहोत, आपण मेलेलो आहोत, असे भ्रम एकामागून एक येतात. सकाळचा भ्रम संध्याकाळी राहत नाही; आता हसणे तर घटकेत आक्रोश. कानांस कोणी नसता आवाज ऐकू येतात. घर हादरून जाते. आणि मग आठवडाभराने, कधी महिन्याने, हे सारे वादळ ओसरते व ती व्यक्ती जशीच्या तशी परत येते. थोडी लाजलेली, थोडी थकलेली, आणि मधल्या दिवसांपैकी पुष्कळसे विसरलेली. घरातील मंडळी त्या दिवसांविषयी पुन्हा बोलत नाहीत. परंतु दवाखान्याच्या कागदावर काहीतरी नाव लिहिले गेलेले असते, आणि ते नाव कोणते हा प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही.

आपल्याकडील जुन्या वैद्यकात या प्रश्नाचे मूळ सापडते. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी चार शरीरातील दोषांपासून उत्पन्न होणारे व पाचवा आगंतुक, म्हणजे बाहेरून येणारा. सुश्रुताने उत्तरतंत्रात सहा प्रकार मोजले आणि त्यांत मनाच्या दुःखापासून होणारा उन्माद व विषापासून होणारा उन्माद यांस स्वतंत्र स्थान दिले. शोकाने वेड लागते आणि अंगात गेलेल्या विषानेही लागते, हे दोन भेद आजच्या दवाखान्यातील पहिल्या चौकशीत जसेच्या तसे उपस्थित असतात. चरकाचे एक मत विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. देव, गंधर्व वा पिशाच हे निरपराध माणसास पीडा देत नाहीत, रोगाचे बीज माणसाच्या स्वतःच्या प्रज्ञापराधात असते, असे त्याने निदानस्थानात म्हटले आहे. भूतबाधेच्या कल्पनेस याने पुरता छेद गेला असे नव्हे, कारण त्याच ग्रंथात बळी व मंत्रही आहेत. तसेच रोग्यास धाक घालणे, मारणे, दात काढलेल्या सर्पाने भिवविणे हेही उपाय त्यात आहेत. जुन्याचा अभिमान धरणाऱ्यांनी ही पाने वगळून पुढे जाऊ नये. मात्र प्रिय वस्तू गमावल्याने ज्याचे मन बिघडले त्यास तत्सदृश वस्तू मिळवून द्यावी व गोड शब्दांनी धीर द्यावा, असेही तेथे आहे. आणि हा उपाय अद्याप जुना झालेला नाही.

आता आपण पॅरिसला जाऊ. तेथील सेंट-आन रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या प्रवेशकचेरीत व्हॅलांतँ मान्यां या वैद्याने पुढील सुमारे पंचेचाळीस वर्षे काढली. या कचेरीचे महत्त्व वाचकांनी लक्षात घ्यावे. शहरात जो कोणी वेड्याप्रमाणे वागताना सापडे त्यास प्रथम येथे आणीत, आणि येथून त्याची रवानगी निरनिराळ्या वेड्यांच्या इस्पितळांत होई. त्या इस्पितळांतील वैद्यांस दिसत ते वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसलेले जुने रोगी; मान्यांस दिसे ते ताजे, काल रात्री भडकलेले वेड. जो जेथे उभा असतो त्यास तेथून दिसेल तेच दिसते, ही गोष्ट शास्त्रज्ञांसही लागू आहे. मान्यांच्या ध्यानात आले की, यांपैकी कित्येक जण इतरत्र पाठविण्यापूर्वीच बरे होतात. १८८६ मध्ये त्याचा शिष्य लग्रँ याने आपल्या प्रबंधात या विकाराचे वर्णन गुरूच्या मतास अनुसरून प्रसिद्ध केले. त्यास त्यांनी जे फ्रेंच नाव दिले त्यातील मुख्य शब्दाचा अर्थ आहे वाऱ्याचा झोत. ‘वारे अंगात येणे’ ही आपली बोली ठाऊक असलेल्या वाचकास येथे क्षणभर थांबावेसे वाटेल! निरभ्र आकाशातून अकस्मात वीज पडावी तसा आरंभ, भ्रमांची विविधता, मनःस्थितीचे हेलकावे, आणि संपूर्ण उपशम, ही त्या झोताची लक्षणे ठरली. पुनः असा झोत येण्याचा संभव असतो, हेही नोंदले गेले.

मान्यां हा दयाळू वैद्य होता. रोग्यांस जखडून ठेवण्याची अंगरखी त्याने आपल्या विभागातून काढून टाकली आणि खवळलेल्या रोग्यास अंथरुणावर विश्रांती देण्याची पद्धत पुरस्कारिली. पण त्याच्या शास्त्राचा पाया मात्र त्या काळच्या ऱ्हासवादाचा होता. ज्या कुळांत मद्यपान व अन्य दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत आले त्यांचे वंशज अशा झोतांस बळी पडतात, असे तो मानी. म्हणजे रोगी तर लवकर बरा होतो, पण त्याच्या कुळास बट्टा कायमचा लागतो! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार होता. ऱ्हासवाद पुढे शास्त्रातून हद्दपार झाला. त्याची सावली लग्नाच्या बैठकीतून मात्र अजून गेलेली नाही.

तोवर जर्मनीत एमिल क्रेपेलिन याने आपली प्रसिद्ध विभागणी केली. १८९९ मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत वेडाचे दोन मोठे कप्पे दिसतात : एक, बुद्धीचा अकाली क्षय करीत जाणारा, दुसरा, उन्माद व विषाद यांच्या फेऱ्यांनी येणारा व मधून मधून मोकळा सोडणारा. पहिल्यासच पुढे स्वित्झर्लंडमधील ब्लॉयलर याने स्किझोफ्रेनिया हे नाव दिले व १९११ मध्ये त्यावर आपला मोठा ग्रंथ लिहिला. क्रेपेलिनची कसोटी शेवटाची होती. रोग कोठे जाऊन पोचतो यावरून तो कोणता हे ठरवावयाचे. ही कसोटी बलवान आहे, परंतु तीत एक अडचण आहे. शेवट पाहण्यासाठी थांबावे लागते, आणि वैद्यास नाव आज लिहावयाचे असते. त्यामुळे भ्रम व भास दिसताच पहिल्या कप्प्याचे नाव लिहून टाकण्याची सवय जगभर पडली. रोगी बरा झाला तर? तर निदान चुकले असे म्हणावे, किंवा रोग दबा धरून बसला आहे असे म्हणावे. या दुसऱ्या उत्तराने किती माणसांचे आयुष्य टांगून ठेवले याची गणती कोणी केलेली नाही. खुद्द क्रेपेलिन मात्र अनुयायांइतका हटवादी नव्हता. १९०४ मध्ये तो जावा बेटात गेला, तेथील वेड्यांच्या इस्पितळात त्याने रोगी पाहिले, व देशोदेशींचे वेड ताडून पाहण्याची कल्पना मांडली. आणि १९२० मध्ये, उतारवयात, आपल्या दोन कप्प्यांमधील भिंत आपणांस वाटली तितकी पक्की नाही, अशी कबुली त्याने दिली.

या मधल्या जागेत डेन्मार्कच्या लोकांनी घर बांधले. रोस्किल्ड येथील सेंट हान्स रुग्णालयास १९१६ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ऑगस्ट विमर याने मनोजन्य वेडाच्या प्रकारांवर एक ग्रंथ लिहिला. तीन वर्षे आधी, १९१३ मध्ये, कार्ल यास्पर्स याने अशा विकारास ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या होत्या : आघात झाला नसता तर वेड लागले नसते, वेडातील बडबडीचा त्या आघाताशी कळण्याजोगा संबंध असतो, आणि आघाताचे कारण दूर झाले की वेडही ओसरते. विमरने ही कल्पना नुसत्या विचारातून उचलून रोग्यांच्या खाटांपर्यंत नेली. त्याच्या रोग्यांचा फेर्गेमान याने पुढे अनेक वर्षांनी पाठपुरावा करून १९४५ मध्ये प्रबंध लिहिला, तेव्हा असे दिसून आले की सर्वांचेच निदान टिकलेले नाही. काहींस पुढे दीर्घ विकार जडला होता. ज्यांनी ही कल्पना जोपासली त्यांच्याच देशातून ही कबुली यावी, हे डॅनिश विद्वत्तेस भूषणावह आहे.

याच सुमारास इतर देशांतही निरनिराळे वैद्य त्याच मधल्या जागेत चाचपडत होते. अमेरिकेत कासानिन याने १९३३ मध्ये अवघ्या नऊ रोग्यांवरून एक नवे नाव सुचविले. ऑस्लोच्या लांगफेल्ड्टने १९३९ मध्ये दुसरे. जर्मनीत क्लाइस्ट व त्याचा शिष्य लेओनहार्ड यांनी तिसरे. जपानात मित्सुदाने चौथे. नावे निराळी, सीमाही निराळ्या. प्रत्येकास असे वाटे की आपल्याच देशात हे रोगी दिसतात.

वस्तुतः ते सर्वांत अधिक दिसत होते आपल्याकडे. परंतु आपल्याकडे तेव्हा पुस्तके इंग्रजी होती आणि कायदा १९१२ चा. वेड्यांविषयीच्या त्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने रोग्यास आत घेण्याची तजवीज तपशिलाने होती. आठ दिवसांत बरे होणाऱ्या माणसाचा विचार तिच्या स्वभावातच नव्हता. ठाण्याचे इस्पितळ १९०१ पासून चालत आलेले. येरवड्याचे त्यामागून झाले. अशा उंच भिंतींपर्यंत जो पोचे तो बहुधा घरच्यांचे सारे उपाय थकल्यावर. चार दिवसांचे वेड त्याआधीच घरी, गाणगापुरास किंवा नरसोबाच्या वाडीस उतरलेले असे, आणि त्याचे श्रेय देवास वा मांत्रिकास मिळे. यात हसण्याजोगे काही नाही. जे आपोआप ओसरणार असते त्याचे श्रेय शेवटी जवळ असेल त्यासच मिळते. मान्यांच्या अंथरुणासही ते असेच मिळाले असेल. पण याच श्रद्धेची दुसरी बाजू म्हणजे साखळदंड. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट १९०१ नव्हे, २००१ रोजी, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली, आणि साखळीने बांधलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. मृतांची संख्या २८ झाली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या वैद्यांनी आपल्याच रोग्यांकडे पाहून बोलावयास आरंभ केला. १९६७ मध्ये नरेंद्रनाथ विग व गुरमीत सिंग यांनी भारतासाठी मनोविकारांची एक वर्गवारी सुचविली आणि तीत अनिश्चित कारणाच्या तीव्र चित्तविकृतींस स्वतंत्र घर दिले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बिकानेर, पतियाळा, वेल्लोर व गोवा या चार ठिकाणी अशा रोग्यांचा एकत्र अभ्यास करविला. ३२३ रोगी पाहण्यात आले. वर्षअखेर त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पूर्ण बरे होते व त्यांस पुन्हा झटका आलेला नव्हता. चंदिगड येथील एका लहान गटाचा पाठपुरावा तर बारा वर्षे करण्यात आला, आणि एक अपवाद वगळता त्या गटात रोगाचा मागमूस राहिलेला नव्हता. १९९४ मध्ये सुसर व वाँडरलिंग यांनी जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत गोळा केलेली जुनी माहिती पुन्हा चाळली. अकस्मात येऊन पूर्ण ओसरणारे हे वेड विकसनशील देशांत औद्योगिक देशांच्या सुमारे दसपट, आणि स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते, असे त्यांस दिसले. असे का व्हावे? चंदिगडच्या संशोधकांस रोगाच्या आधी आलेल्या तापाचा संबंध ठळकपणे दिसला. स्त्रियांच्या वाट्यास येणारे आघात, त्यांचे उपासमारीचे कष्ट, बाळंतपणे, यांकडेही बोट दाखविता येईल. पण यांपैकी कोणतेही एक उत्तर अद्याप पुरेसे ठरलेले नाही, आणि घाईने ठरवूही नये.

उपचारांच्या इतिहासात एक मौजेचा योग आहे. बिहारात सर्पगंधेच्या मुळीस ‘पागल की दवा’ म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये त्या मुळीचा वेडावर व रक्तदाबावर होणारा उपयोग इंग्रजी लेखातून जाहीर केला. मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात तिच्या रक्तदाबावरील गुणाचे अनुभव मांडले, तेव्हा पश्चिमेचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले व १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइनने त्याचा वेडावरील उपयोग प्रसिद्ध केला. नेमक्या त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये देले व देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे कृत्रिम औषध मनोरुग्णांस देऊन पाहिले. आणि तेही कोठे, तर मान्यांच्याच सेंट-आन रुग्णालयात. रिसर्पिनने मन खिन्न होते व रक्तदाब उतरतो असे आढळल्याने ते मागे पडले. क्लोरप्रोमाझिनचा वंश वाढला. ज्या झोतास पूर्वी महिना लागे तो आता कित्येकदा काही दिवसांत शमू लागला.

याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर या अधीक्षकांनी एक गोष्ट केली, तिची कीर्ती औषधांइतकी झाली नाही. आत जागा नव्हती म्हणून त्यांनी लष्कराचे तंबू मिळवून आवारात ठोकले आणि रोग्याबरोबर त्याच्या नातेवाइकांस तेथे राहावयास बोलाविले. सायंकाळी ते सर्वांस एकत्र बसवून रोगाविषयी सांगत. ज्या आईने मुलाचे वेड चढताना पाहिले तिनेच ते उतरतानाही पाहिले. त्यामुळे घरी परतताना तिच्या मनात त्याची भीती राहत नसे. उंच भिंतीआड हे घडले नसते.

आज वैद्य काय करतात? प्रथम ते वेडाचे कारण शरीरात शोधतात. ताप, मेंदूतील संसर्ग, कंठस्थ ग्रंथीचा विकार, भांग वा अन्य मादक द्रव्य, एकाएकी सोडलेले मद्य, ही सर्व याच वेषाने येतात. २००७ मध्ये दाल्माउ व त्याच्या सहकाऱ्यांनी तर असे दाखविले की, अकस्मात भ्रमिष्ट झालेल्या काही तरुण स्त्रियांच्या शरीरात मेंदूच्या एका ग्राहकाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात व त्यावर उपचार निराळाच आहे. सुश्रुताचा विषज उन्माद अशा रीतीने शरीराच्या आतूनच निघाला. शरीरात काही न सापडल्यास भ्रम व भास शमविणारे औषध अल्प मात्रेत देतात, झोप आणवितात, जिवास धोका वाटल्यास काही दिवस रुग्णालयात ठेवतात. बाळंतिणीच्या बाबतीत तर आई व मूल या दोघांच्याही सुरक्षिततेसाठी तेथे विलंब करू नये. बरे वाटताच औषध आपल्या मनाने बंद करण्याची आपल्याकडील सवय घातक आहे. ते काही महिने चालवून वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाचे असते.

नावाचा प्रश्न मात्र अजूनही हलता आहे. अमेरिकेतील मनोवैद्यांच्या १९८० च्या नियमावलीने हा विकार मान्य केला, पण आघातानंतरच, आणि दोन आठवड्यांच्या आत संपला तरच. १९८७ मध्ये मुदत महिन्याची झाली; १९९४ मध्ये आघाताची अटही गेली आणि एक दिवसाहून अधिक व एक महिन्याहून कमी, पुढे पूर्ववत प्रकृती, एवढेच उरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या यादीत आणि २०२२ पासून अमलात आलेल्या नव्या यादीत सीमा निराळ्या आहेत. नव्या यादीत अस्थिर, क्षणोक्षणी रूप बदलणाऱ्या प्रकारासच हे नाव राखले असून मुदत तीन महिन्यांपर्यंत आहे. मान्यांचा झोत फिरून जवळजवळ आपल्या जुन्या जागी आला म्हणावयाचे! उलट युरोपातील पाठपुराव्यांत असेही दिसते की, पहिल्या वेळी हे निदान झालेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास रोग्यांचे नाव पुढील वर्षांत बदलावे लागते. तेव्हा वैद्याने रोग्यास ‘आता कधीच होणार नाही’ असे वचन देऊ नये, आणि ‘हे जन्माचे आहे’ असा शापही देऊ नये.

हा शाप आपल्याकडे कायद्याच्या मार्गानेही येतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा घटस्फोटाच्या कारणांत मनोविकाराची व्याख्या करताना स्किझोफ्रेनिया हा शब्द नावानिशी घातला गेला. दवाखान्यात घाईने लिहिलेला शब्द त्यामुळे वकिलाच्या हाती शस्त्रासारखा आला. बाळंतपणानंतर पंधरा दिवस भ्रमिष्ट होऊन बरी झालेली स्त्री, आणि वर्षानुवर्षे त्या रोगाने ग्रासलेली स्त्री, या दोघींचे कागद न्यायाधीशापुढे सारखेच दिसू लागले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की, रोगाचे नाव सिद्ध होणे पुरेसे नाही. तो विकार अशा प्रकारचा व इतक्या तीव्रतेचा आहे की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षा रास्तपणे करता येणार नाही, हे दाखवावे लागेल. निकाल योग्य होता. पण त्याचा लाभ न्यायालयाची पायरी चढणाऱ्यांसच मिळतो. ज्यांची सोयरीक बैठकीतच मोडली, ज्या सुनेस माहेरी धाडून पुन्हा आणले नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. त्यांच्यासाठी कागदावर पहिल्या दिवशी काय लिहिले गेले हेच शेवटचे असते. म्हणून काही सावध वैद्य पहिल्या भेटीत ‘तीव्र चित्तविकृती, प्रकार अनिश्चित’ एवढेच लिहितात आणि खाली पुढील भेटीची तारीख घालतात.